कौतिकामायचा नजरेचा चष्मा

हा अंक उघडण्याआधी तुम्ही चष्मा पुसला असणार. कशानं पुसला, तेही मी इथे घरी बसून सांगतो. सदऱ्याच्या टोकानं, नाहीतर पदरानं. तोंडानं एकदा 'हाः' करून, मग काच चिमटीत धरून गरगर. वर ती उजेडाकडे धरून समाधानानं मानही हलवली असेल. या एका गोष्टीवरून मी जन्मभर गिऱ्हाइकांवर डाफरलो. आता दुकान सुटलं, पण खोड सुटली नाही, म्हणून तुमच्यावर डाफरतो. संपादकांनी मला धंद्यातल्या आठवणी लिहायला सांगितलं ही त्यांची चूक, आणि ती आता तुम्ही भोगा.

मी खामगावचा चष्मेवाला. टेसनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उस्मानचाचांचं दुकान होतं. तिथे मी काम शिकायला म्हणून चिकटलो आणि म्हातारा होऊनच बाहेर पडलो. तेव्हा आपल्या वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले, आणि चाचांनी दुकानाच्या पाटीवर 'सी. पी. अँड बेरार' ही अक्षरं स्वतःच्या नावाहून मोठी रंगवून घेतली होती. पाटी मोठी असली की दुकान लहान दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुकान इतकं लहान होतं की गिऱ्हाईक आत आलं की आमच्यापैकी एकाला ओट्यावर यावं लागे.

चष्मा टिकवायची सगळी विद्या चाचांनी मला एका वाक्यात दिली होती. "बेटा, काच कू पहले नहलाओ, बाद में पोंछो." खामगाव म्हणजे कापूस. हंगामात सरकी काढायच्या जिनातला रुवा हवेत तरंगत असतो, खाली गाड्यांची रांग, आणि गाड्यांमागे धूळ. त्या धुळीत बारीक रेती असते. ती आपल्याला दिसत नाही, पण काचेला बरोबर कळते. कोरडं पुसलं की ती रेती आपणच आपल्या हातानं काचेवर घासतो. साध्या काचेवरचा ओरखडा एक वेळ लपतो, काळ्या चष्म्यावरचा उन्हात चमकतो. म्हणून आधी वरून पाणी सोडायचं आणि धूळ वाहून जाऊ द्यायची. तेल किंवा घाम असेल तर रिठ्याच्या पाण्याचं बोट हलकेच फिरवायचं, पुन्हा पाणी, आणि मग धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या मलमलीनं टिपायचं. घासायचं नाही. चष्मा डोळ्यांवरून काढायचा तो दोन्ही हातांनी, म्हणजे काड्या फाकत नाहीत, आणि ठेवायचा तो काचा वर करून.

राख नको, चिंच नको, रॉकेल तर मुळीच नको. हसू नका, या तिन्हींनी घासलेले चष्मे माझ्या हातून गेले आहेत. एक बाई तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर नवऱ्याचा चष्माही चिंच लावून उजळायची. कडा अशा चकाकायच्या की बघत राहावं, आणि काचेतून त्या बिचाऱ्याला घरातलं माणूस ओळखू यायचं नाही. तो म्हणे सुखात होता.

कापसाच्या बाजारात एक दलाल होता. तिथे भाव तोंडानं बोलत नसत, रुमालाखाली हातात हात घेऊन बोटं दाबत. याचं दुखणं असं, की बोटं झाकली तरी डोळे सगळं बोलून जातात. म्हणून त्यानं आमच्याकडून काळा चष्मा नेला. झालं, समोरच्याला याच्या मनातलं कळेनासं झालं. पण गडी चष्मा पुसायचा तो नमुन्याच्या कापसानं, सरकीसकट. थोड्याच दिवसांत काच अशी खरवडली की याला समोरच्याचंही काही कळेना. चाचा म्हणाले, आता सौदा बरोबरीचा झाला.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट कौतिकामायची, आणि ती सुरू झाली एका शब्दापासून. तो शब्द 'नजर'.

कौतिकामाय मोताळ्याकडच्या एका खेड्यातली. घरधनी लवकर गेला होता, शेती ती स्वतः पाही. उंच, सडसडीत, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडचा बैल कान टवकारे. बाजाराच्या दिवशी ती दुकानात शिरली, म्हणून मी ओट्यावर आलो. ती चाचांना म्हणाली, मले नजरचा चष्मा पाह्यजे. चाचांनी तिला बसवलं, भिंतीवरचा तपासणीचा तक्ता दाखवला आणि विचारलं, काय काय दिसतं. ती उखडलीच.

"मले सारं दिसते. थो समोरचा दुकानदार मापात मारून राह्यला, थेही दिसते. लोकायची नजर माह्या पोराले लागू नाही, त्याच्यासाठी चष्मा पाह्यजे."

(आमच्याकडे 'तो' चा 'थो' होतो आणि 'ळ' चा 'य'. काळा तो काया, डोळा तो डोया. पुण्याकडच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं, आम्हीही तुम्हाला सांभाळून घेतो.)

चाचा आधी गोंधळले आणि मग हसले. पण बाई हसत नव्हती. तिची आधीची दोन मुलं गेली होती, आणि ती नजर लागूनच गेली असं तिनं मनाशी धरलं होतं. उरलेल्या दोघांत थोरला महादू देखणा, आणि त्याचं लग्न ठरलेलं. मांडवात गावाचे, परगावाचे डोळे त्याच्यावर पडणार, या धास्तीनं तिला झोप लागत नव्हती. कोणीतरी सांगितलं, खामगावात नजरचा चष्मा मिळतो, म्हणून ती गाडी जुंपून आली होती. चाचांनी हसू आवरलं, फडताळातून काळसर हिरव्या काचेचा, कासवी रंगाच्या चौकटीचा परदेशी गॉगल काढला आणि तिच्यापुढे ठेवला. म्हणाले, बाई, या काचेतून आतला माणूस बाहेर बघतो, बाहेरच्याची नजर आत जात नाही. यात खोटं काय होतं? गॉगल म्हणजे दुसरं काय असतं?

महादू तो चष्मा घालून बोहल्यावर चढला. लग्न बिनघोर पार पडलं, पुढच्या सालात नातू झाला, आणि विहिरीला पाणी लागलं. विहिरीचंही श्रेय गावानं चष्म्यालाच दिलं. झालं! गावातला प्रत्येक नवरदेव कौतिकामायच्या दारात. चष्मा तिचा, पण सोय सगळ्या गावाची. घोड्यावर बसायच्या आधी ती स्वतः नवरदेवाच्या डोळ्यांवर चढवी आणि वरात परतली की स्वतः उतरवून घेई.

लग्नसराई संपली की ती चष्मा आमच्याकडे घेऊन येई, आणि मी तो उघडला की मांडवच उघडल्यासारखं वाटे. चौकटीला हळद, काचेवर गुलाल, बिजागरीत अक्षतेचा दाणा. एकदा नाकाच्या टेकूखाली बुंदीचा कण सापडला. ही सगळी घाण मला समजत होती. समजत नव्हती ती एकच गोष्ट. डाव्या काचेच्या कोपऱ्यात हरभऱ्याएवढा काजळाचा ठिपका. एरंडेलात खललेलं घरचं काजळ, ते काचेला असं धरून बसे की रिठ्याच्या पाण्यालाही दाद देत नसे. मी विचारलं, माय, हे काय?

"तीट हाय. साऱ्या लोकायची नजर थो चष्माच खाते ना? मंग त्याले लागली त?"

तरी मी माझं शास्त्र सांगितलं. काच म्हणजे काच, तिच्यावर डाग नको, काजळाला धूळ चिकटते आणि धुळीनं ओरखडे पडतात. तिनं सगळं मान डोलवत ऐकून घेतलं. मी काच धुतली, टिपली, पाण्यासारखी करून तिच्या हातात दिली. ती ओट्यावर गेली, कमरेच्या पिशवीतून काजळाची डबी काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा तीट लावली. हा आमचा दर वर्षीचा खेळ झाला. मी पुसायचं आणि तिनं लावायचं. चाचा त्या दिवशी मुद्दाम दुकानात थांबत.

मग लढाई सुरू झाली आणि बाहेरचा माल यायचा बंद झाला. काळी काच मिळेना, चौकटी मिळेनात. होता तो चष्मा जपण्याखेरीज इलाज नव्हता. नेमकी त्याच दिवसांत कौतिकामाय आली ती तोंड एवढंसं करून. उंदरांच्या भीतीनं तिनं चष्मा चुलीवरच्या फळीवर ठेवला होता. चौकट सेल्युलॉइडची. उष्णतेनं ती वितळली नाही हे नशीब, पण एक काडी आभाळाकडे आणि दुसरी पाताळाकडे गेली होती. आणि महिन्यावर तिच्या शेवंताचं लग्न.

शेवंता तिची धाकटी लेक. हिच्या लग्नात कौतिकामायचा जीव अडकला होता, आणि तेही डोळ्यांवरूनच. आदल्या साली एक पाहुणे तिला पाहायला आले, त्याच दिवशी कापूस झोडपताना पोरीच्या डोळ्यात कचरा गेला. पाहुण्यांपुढे डोळे लाल, पाणी गळतंय. पाहुणे पोहे खाऊन गेले आणि उलटा निरोप पाठवला, पोरीच्या डोळ्यात फूल आहे. डोळ्यात फूल पडलं म्हणजे बुबुळावर पांढरा डाग, दिसायचं कमी. एकदा असं बोललं गेलं की ते बोलणं पोरीच्या आधी दहा गावं पोचतं. कोणी विचारीना. अखेर लांब साखरखेर्ड्याकडची सोयरीक जुळली, आणि त्या आनंदात कौतिकामायनं सुपारी फोडतानाच जाहीर केलं, की जावयाला आमच्या गावचा काळा चष्मा घालून बोहल्यावर उभा करीन. नवऱ्या मुलाचं नाव दगडू. त्याच्याही घरी नजरेचं भय, म्हणून तर पोराचं नाव दगड ठेवलेलं. त्यांना ही कल्पना भलतीच आवडली.

चाचांनी आधी तिला फळीवरून झापलं. सेल्युलॉइड काय चीज आहे हे पटावं म्हणून तुटक्या चौकटीचा एक तुकडा ओट्यावर ठेवून काडी लावली. तो भस्सकन असा पेटला की रस्त्यावरची माणसं थांबली. कौतिकामाय दोन पावलं मागे सरली, थोडा विचार केला आणि म्हणाली, दिवाईसाठी असा अजून एक देजो.

गरम पाण्यात धरून, मऊ करून, हळूहळू काड्या सरळ करायच्या, हे काम घाईचं नाही. घाई केली की चौकट तडकते. म्हणून चष्मा ठेवून घेतला आणि असं ठरलं, की लग्नाच्या दिवशी मीच तो घेऊन यायचा आणि जेवूनही जायचं.

वैशाखातलं ऊन. लॉरीतून उतरून बैलगाडीनं गावात पोचलो तेव्हा वऱ्हाड येऊन जानवशाला उतरलेलं. दारात उंबराच्या डहाळ्यांचा मांडव, वाजंत्री वाजतायत, पंगतीच्या पत्रावळी लागतायत. मी चष्म्याची डबी छातीशी धरून ऐटीत आत शिरलो. कौतिकामायनं माझा हात धरला आणि मला सरळ स्वयंपाकघरात ओढत नेलं. पाटावर शेवंता बसली होती, हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेली. तिनं मान वर केली. दोन्ही डोळे सुजून लाल आणि पाण्याची धार लागलेली. सकाळीच डोळे आले होते.

कौतिकामाय भिंतीला टेकून खाली बसली. इतक्या वर्षांत तिला बसलेली मी प्रथमच पाहिली. म्हणाली, आता हे लोक पोरीचे डोये पाहतील आन मांडवातून उठून जातील. नवरदेवाचा मामा, आत्माराममामा, आधीच संशयानं बघत होता. सकाळपासून त्यानं दोनदा विचारलं होतं, की पोरगी खाली मान घालूनच का बसते.

मी म्हणालो, चष्मा शेवंतालाच घाला. उजेडही लागणार नाही आणि डोळेही दिसणार नाहीत. क्षणभर सगळ्यांना हायसं वाटलं. मग कौतिकामायच्या ध्यानात आलं, की चष्मा तर जावयाला कबूल केलेला. इतक्यात बाहेरून निरोप आला, नवरदेव पोशाख करून तयार आहे, चष्मा पाठवा. चष्मा एक, डोळे चार. लढाईच्या त्या दिवसांत दुसरा काळा चष्मा अख्ख्या तालुक्यात मिळता ना.

मग मला ग्रहण आठवलं. ग्रहण बघायला आपण काच दिव्यावर धरून काजळी धरवतो. माझ्या पिशवीत तारेच्या चौकटीचा, बिननंबरच्या काचांचा नमुन्याचा चष्मा होता. मी चिमणी मागितली, काचा चौकटीतून काढल्या आणि चिमट्यात धरून ज्योतीवर फिरवायला लागलो. कौतिकामाय एकदम उठून उभी राहिली. पहिला थर बसला, तर काच मळकट दिसली. ती म्हणाली, अजून काया कर. दुसरा थर दिला. ती म्हणाली, आपल्या चष्म्यासारखा नाही झाला, अजून कर. इतका काळा केला की शेवटी चिमणीची ज्योतसुद्धा त्यातून लालसर ठिपक्याएवढी दिसायला लागली. तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

मी काचा अलगद चौकटीत बसवल्या आणि चष्मा जानवशाला घेऊन गेलो. दगडू गोरागोमटा, हसरा पोरगा होता. त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवताना मी म्हणालो, भाऊ, काही झालं तरी हा पुसू नका. जन्मभर लोकांना चष्मा पुसायला शिकवलेला माणूस मी, आणि हे वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडलं. दगडू म्हणाला, काहीच दिसेना हो. मी म्हणालो, पहिल्यांदा असंच होतं. बाहेरून कोणी म्हणालं, काय दिसतोय पोरगा, आणि मग त्यानं तक्रार केली नाही.

तिकडून शेवंता आली ती काळा गॉगल लावून. मांडवात एक कुजबुज उठली. आत्माराममामानं भुवया चढवून विचारलं, नवरीला चष्मा कशासाठी? कौतिकामाय ठासून म्हणाली, आमच्याइकडे दोघायलेही घालतेत, नजर काय फक्त पोरायलेच लागते? बायकांच्या घोळक्यातून दोघीतिघी म्हणाल्या, हाव ना.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या एका बाजूला मोताळ्याकडचा काळा चष्मा आणि दुसऱ्या बाजूला चिमणीचा. मी खांबाला टेकून देवाचं नाव घेत होतो. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री कडाडली आणि भटजींनी अंतरपाट ओढून घेतला. दगडूनं हार उचलला, अंदाजानं एक पाऊल पुढे टाकलं आणि मोठ्या भक्तिभावानं भटजींच्या गळ्यात घातला.

मांडवात असा हशा पिकला की वाजंत्रीवाल्याची सनई अर्ध्यात चिरकली. भटजी दोन्ही हातांनी हार वर धरून 'अहो, अहो' करतायत, आणि दगडूला काय झालं तेच कळेना. घामानं तो निथळत होता. त्यानं चष्मा डोळ्यांवरून काढला, मी 'पुसू नका' म्हणेपर्यंत उपरण्यानं गरगर पुसला, आणि त्याच उपरण्यानं तोंडही पुसलं. डोळ्यांभोवती, नाकावर, गालांवर काजळी. चष्म्याची काच मात्र लख्ख, आरपार.

मामानं ती काच बघितली आणि त्याचा चेहरा बदलला. हशा थांबला. तो पुढे आला आणि म्हणाला, "हा चष्मा खोटा निघाला. आता पोरीचाही काढा. काय लपवून राहिलात ते आम्हाला बघू द्या." कौतिकामायचा हात कमरेच्या पिशवीवर घट्ट बसला होता.

कोणी काढायच्या आत शेवंतानंच चष्मा काढला. सावकाश, दोन्ही हातांनी, काड्या न फाकवता. त्याही घटकेला मला बरं वाटलं, काय सांगू. लाल, सुजलेले डोळे तिनं वर केले. तिला बहुतेक मामाला उत्तर द्यायचं होतं. पण तिची नजर आधी दगडूकडे गेली, त्या काजळीनं माखलेल्या तोंडाकडे, आणि ती खुदकन हसली. तोंडावर हात घेतला तरी हसू थांबेना. डोळ्यातून पाणी गळतंय आणि पोरगी हसतेय.

मामा म्हणाला, बघा, डोळ्यात फूल आहे म्हणतात तेच खरं.

तेव्हा दगडूनं आपला गाल चाचपला, बोटाला लागलेली काजळी बघितली, आणि तोही हसायला लागला.

"मामा, माझं तोंड बघून ती हसली. दिसल्याबिगर हसली का?"

शेवंता म्हणाली, "डोये आले हायेत माहे सकायपासून. चार रोजात जातील. दिसते मले सारं, तुमचे कान लाल झाले थेही दिसते." मायचीच लेक! मामाचे कान आणखी लाल झाले. भटजींनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून दगडूच्या हातात दिला आणि म्हणाले, आता योग्य ठिकाणी घाल. त्यानं घातला. कौतिकामाय पुढे झाली, जावयाच्या गालावरचा काळा डाग जवळून न्याहाळला आणि डोळे पुसत म्हणाली, बरं झालं, तीट लागली पोराले. मग वाजंत्रीवाल्यांनी अशी वाजवली की कोणाचं कोणाला ऐकू येईना. मामा पंगतीत माझ्याच शेजारी बसला होता, त्यानं वरणात तूप मागून मागून घेतलं.

कौतिकामायचा शब्द मात्र मोडला नाही. वरातीत खरा काळा चष्मा शेवंतानं दगडूला दिला, आणि तो त्यानं ऐटीत घरापर्यंत लावला. त्याच्याबरोबर तिचे डोळेही नेले. आठवड्याच्या आत दगडूचे डोळे आले, मग मामाचे, मग भटजींचे, मग दोन्ही गावांचे. आमच्या दुकानासमोर लाल डोळ्यांची रांग लागली, सगळ्यांना काळा चष्मा पाहिजे. चाचांनी सगळ्यांना सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवला आणि मला दिवसभर एकाच गोष्टीवरून शिव्या दिल्या, की डोळे आलेल्याचा चष्मा धुतल्याबिगर दुसऱ्याला द्यायचा नसतो, हे तू मांडवात का नाही बोललास. तेवढं खरं आहे. तुम्हीही लक्षात ठेवा. एवढा हशा चालू असताना ते कोणाला सुचतं?

पुढे लढाई संपली, काळे चष्मे पुन्हा आले, नवरदेव आपापले गॉगल घ्यायला लागले. मध्यप्रांत गेला, आम्ही मुंबईला जोडले गेलो, मग महाराष्ट्र झाला. चाचा गेले. पाटी मी बदलली नाही.

आणि एका उन्हाळ्यात शेवंता दुकानात आली. केस पिकायला लागलेले, बरोबर दगडू, अजूनही हसरा. थोरल्या मुलाचं लग्न होतं. तिनं मलमलीच्या घडीतून, वरातीपासून तिच्याकडेच राहिलेला तो चष्मा काढून माझ्यापुढे ठेवला. इतक्या वर्षांनंतर काचेवर एक ओरखडा नव्हता. मी तिला विचारलं, कशानं पुसतेस? ती म्हणाली, पुसत नाही, न्हाऊ घालते. चाचा असायला हवे होते.

मी बिजागरीत तेलाचा थेंब सोडला, स्क्रू आवळले, काच धुतली, टिपली, उजेडाकडे धरली. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग कळलं. डावा कोपरा मी धुण्याआधीच स्वच्छ होता. मी विचारलं, माय? शेवंता म्हणाली, माय गेली पौषात.

मी आत जाऊन चिमणी पेटवली, काचेच्या तुकड्यावर काजळी धरली, ती तेलाच्या बोटानं उचलली, आणि गिऱ्हाइकाची स्वच्छ काच आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातानं डागाळली. चष्मा शेवंतापुढे धरला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि डाव्या कोपऱ्यातला ठिपका निरखला.

"अजून जरासा मोठा लावा," ती म्हणाली. "माय हरभऱ्याएवढा लावे."